बॅटरीवाले काकाजी

नागपूरच्या मिहानात फ्लॅट घेतलेल्या माणसाला जुने रहिवासी पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टींची कल्पना देतात. एक, विमान डोक्यावरून गेलं की फोनवर ओरडायचं नाही, गप्प बसायचं. दोन, इकडे वाघ येऊ शकतो. २०१९ च्या नोव्हेंबरात आला होता आणि बड्या आयटी कंपन्यांच्या आवाराजवळ हिंडून गेला. तीन, बॅटरीवाले काकाजी. यांपैकी वाघ परत गेला आणि विमानांची सवय होते. काकाजी मात्र दर रविवारी सकाळी साडेसातला येतात.

बेल वाजते. दार उघडलं की काकाजी "उठले का भाऊ?" असं विचारतात, पण त्यांची नजर तुमच्यावर नसतेच. ती तुमच्या खांद्यावरून आत शिरून, सोफा ओलांडून बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत पोचलेली असते. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं फर्निचर बघतात, टीव्ही किती इंची ते बघतात, पोरीचं जमलं का ते विचारतात. काकाजी फक्त पाणी बघतात. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, तुळशीच्या कुंडीखालची बशी, पाखरांसाठी कठड्यावर ठेवलेलं मातीचं भांडं. भांडं ठेवणाऱ्या वहिनींना वाटत असतं की आपण पुण्य जोडतोय. काकाजी त्या पुण्यावर बॅटरीचा झोत मारतात आणि म्हणतात, "वहिनी, यात तं बारसं होऊन राह्यलं."

खांद्याला शबनम. तिच्यात लांब दांड्याचा पांढरा डाव, कारण पांढऱ्यावर डासाची अळी उठून दिसते. आवळा कँडीची रिकामी बरणी. गेरूचा खडा. कोपरे दुमडलेली वही. आणि जुने मोजे. मोजे कशाला, असं एखादा नवखा विचारतो आणि त्याची सकाळ हातची जाते. रो-हाऊसच्या सेप्टिक टँकचा जो उंच पाइप असतो, त्याच्या तोंडातून डास बाहेर पडतात. तिथे जाळी लावायची, जाळी नसेल तर मोजा चढवायचा. आमच्या कॉलनीतल्या एका बंगलीच्या पाइपावर शाळेचा पांढरा मोजा आहे, दुसऱ्या बंगलीच्या पाइपावर लष्करी हिरवा. कुरिअरवाले पत्ता विचारतात तेव्हा वॉचमन आता मोज्याच्या रंगावरून घर सांगतो.

काकाजींची सगळी नोकरी जिल्ह्याच्या हिवताप विभागात झाली. आरोग्य सेवक म्हणून लागले, पर्यवेक्षक होऊन निवृत्त झाले. आज जिथे आमचे टॉवर आहेत तिथे कापूस, तूर, सोयाबीन होतं तेव्हापासून त्यांना हा मुलूख ठाऊक आहे. खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही, शिवणगाव ही गावं त्यांनी फवारणीचा पंप खांद्यावर घेऊन पालथी घातलेली आहेत. फवारणी झाली की दाराशेजारी गेरूनं तारीख लिहायची, ही तेव्हाची रीत. ती त्यांनी सोडलेली नाही. आमच्या लिफ्टच्या मशीनखोलीच्या दारावर, पंपहाऊसवर, जिमच्या मागच्या भिंतीवर गेरूत तारखा आहेत. कोणी तरी त्या पुसल्या, तर काकाजींनी दुसऱ्या दिवशी नव्या लिहिल्या आणि खाली "पुसू नये" अशी पुरवणी जोडली.

त्या नोकरीचा मोठा हिस्सा रात्रीचा. विदर्भात हत्तीपायाचा रोग जुना. त्याचे सूक्ष्म जंतू दिवसभर शरीरात आत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात; त्यांना पुढच्या माणसाकडे नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावायला निघतो ना! म्हणून रक्ताचा नमुनाही रात्रीच घ्यावा लागतो. रात्री दहाला अनोळखी दार ठोठावायचं, झोपेतल्या माणसाला उठवायचं आणि "बोट पुढं करा" म्हणायचं. कुत्री मागे लागायची, बायका चोर समजायच्या, दारू प्यालेला एखादा बाप्या बोटाऐवजी पूर्ण हात गळ्यात टाकायचा. अशा तालमीतून निघालेल्या माणसाला रविवारी सकाळी "आज नको काकाजी, पाहुणे आहेत" या वाक्यानं काय होणार? ते म्हणतात, "मंग तं बरंच झालं, पाहुण्यांची बादलीही पाहून घेतो."

२०१९ साली नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगावर एकाच वेळी तीन औषधं द्यायची मोहीम निघाली, तिच्यातही काकाजी होते. नियम असा की गोळ्या घरी ठेवून जायच्या नाहीत, माणसानं समोर गिळल्या पाहिजेत. लोक गोळी गालात धरून मान हलवतात हे त्यांना पाठ झालेलं. तेव्हापासून नातवाच्या बारशाचा पेढा देतानाही काकाजी तुमच्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "माह्यासमोर खा."

त्यांचं पंचांगही वेगळं. चैत्र-वैशाख म्हणजे कूलर. मृग लागला की गच्चीवरचं भंगार, टायर, नारळाच्या करवंट्या. आखाडीपासून दसऱ्यापर्यंत डेंगी. थंडी पडली की तुंबलेल्या नाल्या. आणि फाल्गुन म्हणजे क्युलेक्सचा सुकाळ. होळीच्या सुमारास संध्याकाळी आमच्या गेटवर तोंड उघडून बोलायची सोय नसते. सणवार, लग्नं, साखरपुडे हे सारं काकाजी या हिशेबातच बसवतात. एकाच्या मुलाचं लग्न जुलैत ठरलं तेव्हा सगळ्यांनी मुहूर्ताचं कौतुक केलं. काकाजींनी एवढंच विचारलं, "मांडवामागं पाण्याचे ड्रम किती राहीन?"

पण खरे काकाजी बघायचे ते कूलरपाशी. नागपूरचा पारा ४५ च्या पलीकडे जातो आणि एसी बसवलेल्या घरातही एक जुना लोखंडी कूलर खिडकीला लटकत असतोच, कारण तो वडिलांनी घेतलेला असतो. पहिला पाऊस पडला की लोक त्याचा पंप बंद करतात आणि तो दिवाळीपर्यंत विसरतात. माझ्याकडे काकाजी आले तेव्हा मी कूलर रिकामा करून ठेवला होता आणि बऱ्याच दिवसांनी कोणाकडून तरी शाबासकी मिळेल अशा बेतानं उभा होतो. काकाजींनी टाकीत डोकं घातलं. पत्र्यावर पाण्याची जुनी रेघ होती, तिच्या जरा वर त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं आणि ते माझ्या चष्म्यापुढे धरलं. नखावर बारीक काळे ठिपके होते. खसखशीहून लहान, जरासे लांबट.

"हे पाहा. पिलावळ."

"पण टाकी तर कोरडी आहे!"

"टाकी कोरडी आहे, अंडे काऊन मरतीन? डेंगीची मादी पाण्यात अंडे टाकतच नाई भाऊ. पाण्याच्या वर, ओल्या पत्र्याले चिपकवते. पाणी आटलं तरी महिनोन् महिने तशेच राहाते. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही टाकी भरली की उठून बसते. नुसतं पाणी सांडून काय होते बापा? घासा."

मग त्यांनी शबनमीतून तारेची घासणी काढून माझ्या हातात दिली आणि मोबाइलवर बोलत बसले. टाकी घासून होईपर्यंत ते हलले नाहीत. शेवटी वहीत माझ्या फ्लॅट नंबरापुढे बरोबरची खूण केली. आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या. इतकं हायसं कुठल्याच निकालानं वाटलं नव्हतं.

अंड्यापासून उडत्या डासापर्यंत पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातलं साठवलेलं सगळं पाणी उपसून भांडी कोरडी करायची. हे एवढंच त्यांचं शास्त्र आहे. ते सरकारी पत्रकांवरही असतं. पत्रक वाचून कोणी टाकी घासत नाही, हा काकाजींचा अनुभव.

त्यांचं खरं वैर धूरफवारणीशी. कॉलनीत धुराची गाडी आली की केवढा उत्साह असतो! पोरं मागे पळतात, बायका खिडक्या लावतात, सेक्रेटरीसाहेब बंद काचेतून हात हलवतात, व्हॉट्सॲपवर फोटो पडतात आणि खाली दहा अंगठे. काकाजी तेवढा वेळ पार्किंगमध्ये हाताची घडी घालून उभे असतात. "उडून राह्यला तेवढाच मच्छर मरते. पाण्यातली अळी खाली बसून हासते. धूर हा मच्छरासाठी नसते भाऊ, मेंबरांच्या समाधानासाठी असते."

या सगळ्यात त्यांच्या हाती विमानतळाचा नियम लागला आणि कॉलनीवर नवं संकट आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत म्हटलंय की विमानतळावर प्रवाशांची ये-जा, सामान, मालाची चढउतार जिथे चालते, त्याच्या भोवती किमान ४०० मीटरपर्यंत रोग पसरवणाऱ्या कीटकांवर नियंत्रण ठेवावं. चारशेच का? डेंगीची मादी सहसा त्याहून लांब उडत नाही म्हणून. काकाजींनी नकाशा काढला, पट्टी लावली. आमची कॉलनी त्या कक्षेच्या बरीच बाहेर पडली. त्यामुळे ते खचले नाहीत. त्यांनी स्वतःच्या अधिकारात कक्षा वाढवून घेतली. तेव्हापासून कुंडीखालची बशी सापडली की ते म्हणतात, "हे आंतरराष्ट्रीय प्रकरण आहे."

नागपूरचं नाव विषाणूंच्या यादीत एकदा लागलेलंच आहे, ही त्यांची दुसरी दुखरी नस. चांदीपुरा विषाणू १९६५ साली सापडला तो नागपूरच्या चांदीपुऱ्यात, आणि गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. यावर कोणी "डासामुळेच ना?" म्हटलं की काकाजी दुखावतात. तो डास नव्हे, वाळूमाशी. भिंतींच्या भेगांत राहते. उडते कमी, उड्या मारते जास्त. डासावर खोटा आळ आलेला त्यांना सहन होत नाही. वकिलानं अशिलाची बाजू घ्यावी तसे ते डासाची बाजू घेतात: चावते ती फक्त मादी, तीही अंड्यांना रक्तातलं प्रथिन लागतं म्हणून, नर बिचारा फुलापानांच्या रसावर जगतो. आमच्याकडचे काही नवरे हे वाक्य घरी जाऊन सांगतात आणि पुन्हा कधी सांगत नाहीत.

या ज्ञानापायी काकाजींना स्वतःला मात्र डास मारता येत नाही. हातावर डास बसला की तुम्ही-आम्ही फटका मारतो. काकाजी आधी चष्मा वर करतात. पायावर पांढरे पट्टे आहेत का? बसताना शेपूट वर करून तिरपा बसलाय की अंग सरळ ठेवून? तिरपा असेल तर ॲनॉफिलीस, मलेरियावाला. जात नक्की होते तोवर तिनं आपलं जेवण उरकलेलं असतं. काकू म्हणतात, "मले पाहायले आले तवा वाटलं, हा माणूस एकटक माह्याकडंच पाहून राह्यला. मांग रांजण होतं, त्याचं झाकण उघडं होतं."

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुंपणामागच्या तळ्याचा विषय निघाला. भिंतीपलीकडे गावचं जुनं तळं आहे, त्याला लागून सोयाबीन आणि तुरीची शेतं, काठाला बेशरमीचं रान. विकत घेताना सगळ्यांना ते 'लेक व्ह्यू' म्हणून हवं होतं. त्या बाजूच्या फ्लॅटांना जास्त पैसे मोजलेत. डेंगीचे तीन-चार रुग्ण निघाल्यावर मात्र ते डबकं झालं. सभा बोलावली. तळं बुजवा, असा अर्ज तयारच होता. तो ग्रामपंचायतीला द्यायचा, महापालिकेला की विमानतळ विकास कंपनीला, यावर पाऊण तास गेला, कारण मिहानात आपण नक्की कोणाच्या हद्दीत राहतो हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. मग सह्यांचा कागद फिरू लागला.

कागद काकाजींपाशी आला. त्यांनी तो उशीखाली घ्यावा तसा मांडीखाली घेतला आणि शबनमीतून दोन बरण्या काढून टेबलावर ठेवल्या.

"ही तळ्याची. ही आपल्या कारंजाची."

कारंजं म्हणजे क्लबहाऊससमोरचं. माहितीपुस्तकात ज्याचा निळा फोटो बघून कित्येकांनी बुकिंग केलं ते. त्याचा पंप उन्हाळ्यापासून बंद. त्या बरणीत बारीक अळ्या ठुमकत वर यायच्या, शेपटीकडची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घ्यायच्या आणि झटका देऊन खाली जायच्या. शंभरेक तरी असतील. तळ्याच्या बरणीत बोटाच्या पेराएवढे दोन मासे, पाठीवर उलटे पोहणारे दोन-तीन किडे आणि तळाशी मातकट रंगाचं, डोळे वटारलेलं एक ध्यान. चतुराचं पिल्लू, उडायला लागण्याआधीचं.

काकाजींनी कारंजाच्या बरणीतलं थोडं पाणी तळ्याच्या बरणीत ओतलं. एक शब्द बोलले नाहीत.

मासे आधी दचकून कोपऱ्यात गेले. मग एकानं येऊन एक अळी गिळली. मग दुसऱ्यानं. तळातलं ते ध्यान दगडासारखं बसून होतं. एक अळी त्याच्यासमोरून वळवळत गेली आणि त्यानं तोंडाखालून घडी घातलेला जबडा सटकन पुढे फेकून तिला आत ओढलं. पुढच्या रांगेतल्या वहिनी "अगं बाई" म्हणून खुर्चीवरून उठल्या त्या बरणीपाशीच येऊन उभ्या राहिल्या. मग मागची रांग आली. खजिनदारांनी मोबाइलचा दिवा धरला. पोरांनी पैज लावली. सेक्रेटरीसाहेब "कृपया जागेवर बसा" म्हणत स्वतःच खुर्चीवर चढले. दहाएक मिनिटांत बरणीत अळी शिल्लक नव्हती आणि सभेला गणसंख्या.

"तळ्यात डेंगीचा मच्छर होत नाई," काकाजी आता बोलले. "त्याले तुमचंच साधं, साठवलेलं पाणी लागते. दिवसा चावून राह्यली थे बाहेरची नोहे, आपल्याच कॉलनीची लेक आहे. तळं बुजवाल तं हे मासे जातीन, हे चतुर जातीन. खड्डे राहीन, खड्ड्यात पाणी राहीन, खाणारा कोणी राहणार नाई. काठचं गवत कापून घ्या, थ्यात मलेरियाचा मच्छर लपते. शेतकऱ्याले म्हणा नाली मोकळी ठेव. बाकी तळ्याले हात लावू नका."

कोणी तरी उत्साहानं म्हणालं, मग तळ्यात गप्पी मासेही सोडू. काकाजींनी त्यालाही झाडलं. गप्पी हा दक्षिण अमेरिकेकडचा मासा. कारंजात सोडा, हौदात सोडा, बंद टाक्यात सोडा. तळ्यात सोडला तर इथल्याच माशांच्या पोटावर पाय आणील. सभेनं तळ्याचा अर्ज रद्द केला आणि कारंजाच्या दुरुस्तीचा ठराव केला. शेजारच्या अर्धवट टॉवरमधल्या लिफ्टच्या खड्ड्यात साचणाऱ्या पाण्यासाठी पत्र लिहायचं ठरलं. मांडीखालचा कागद काकाजींनी परत दिला नाही. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर आता फ्लॅटवार कूलरांची यादी आहे.

एवढं झाल्यावर काकाजींना मान मिळाला असेल, असं वाटण्याचा संभव आहे. तसं काही नाही. रविवारी सकाळी साडेसातला अजूनही अर्ध्या मजल्यांवर टीव्हीचे आवाज बंद होतात आणि माणसं घरातच श्वास रोखून बसतात. काकाजी दारावर कान लावून म्हणतात, "पंखा चालू आहे भाऊ." लोक त्यांना टाळतात, त्यांची नक्कल करतात, आणि ते येणार म्हणून शनिवारी रात्री गुपचूप बशा कोरड्या करतात. शेजाऱ्याचा हा तगादा टळावा म्हणूनच आमची कॉलनी कोरडी आहे. डेंगीच्या भीतीनं जे झालं नसतं ते काकाजींच्या भीतीनं झालं. त्यांना याचं वाईट वाटत नाही. वहीतल्या रकान्यात खूण आली की झालं. ती कशानं आली याचा रकानाच नाही.

पोळ्याच्या दिवशी पोरांनी ठरवलं की आपणही बडग्या करायचा. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, काळी आणि पिवळी. इतवारी-महालाकडची ही मिरवणूक एकोणिसाव्या शतकापासूनची. सोबत त्या-त्या वर्षाच्या पीडांचे पुतळे, म्हणजे बडगे, आणि शेवटी सगळ्यांची होळी. पोरांनी मच्छराचा बडग्या निवडला आणि चूक केली ती एवढीच की काकाजींना जुन्या बांबूच्या काड्या मागितल्या.

तीन तास काम खोळंबलं. पोरांनी आठ पाय लावले होते. काकाजींनी दोन काढले. पायांना पांढरे पट्टे ओढायला लावले. मिशा झुपकेदार झाल्या होत्या, त्या कातरल्या, कारण झुपकेदार मिशा नराच्या आणि नर चावत नाही. निरपराध्याला जाळायचं का? बडग्या उभा राहावा म्हणून एकानं जुना टायर आणला. काकाजींनी आधी टायर उलटा करून आतलं पाणी सांडलं, बॅटरी मारून पाहिलं आणि मगच परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी गाठ्यांच्या माळा घातलेले लाकडी बैल, ताशा, मागे सहा पायांची शास्त्रशुद्ध मादी अशी वरात कॉलनीतून निघाली. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "रोगराई, मच्छर घेऊन जा गे मारबत!" गेटपाशी काकाजींनी हात वर करून वरात थांबवली. आता काय राहिलं, म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"नुसतं घेऊन जा काय म्हणता?" काकाजी म्हणाले. "कुठं नेऊन राह्यली थे विचारा. बाजूच्या कॉलनीत सोडलं तं चारशे मीटर काई लांब नाई, संध्याकाळपर्यंत वापस येतीन."

मग पोरांनी वरात वळवली आणि बाजूच्या कॉलनीच्या गेटवर जाऊन त्यांचे कूलर मागितले.